हिवाळ्यात संध्याकाळच्या ट्रेनिंगला घोडा घेऊन किती लांब जावं?

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इकडे यूकेत घड्याळं एक तास मागे गेली की नोकरी करून घोडा सांभाळणाऱ्यांची पंचाईत सुरू होते. डिसेंबरात इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी चारच्या आसपासच सूर्य मावळतो, स्कॉटलंडच्या वरच्या भागात साडेतीनलाच, आणि आपण ऑफिस संपवून यार्डवर पोचतो तेव्हा किट्ट काळोख. यार्ड म्हणजे तबेलाच, जिथे महिन्याचं भाडं देऊन घोडा ठेवतो तो. तिथे फ्लडलाइटवालं अरेना, म्हणजे घोड्याला ट्रेनिंग द्यायचं कुंपण घातलेलं मैदान, असेल तर तुम्ही नशीबवान, पण बऱ्याच ठिकाणी नसतं, किंवा असतं पण पावसाने त्याचं तळं झालेलं असतं. मग मार्चपर्यंत एकच उपाय, कारला घोड्याचा ट्रेलर जोडायचा आणि जिथे दिवे आहेत किंवा छप्पर आहे तिथे जायचं. इकडे घोडा ठेवणारे मराठी लोक मोजकेच आहेत पण त्यातले नवीन असतात ते हमखास विचारतात की किती मैलांपर्यंत जाणं ठीक आहे.

मैलांत उत्तर शोधलंत तर गंडाल. मिनिटांत शोधा, आणि ती पण आपल्या यार्डपासून त्या अरेनापर्यंत धरून. माझं उत्तर आधीच सांगते, आठवड्याच्या मधल्या वारी एका बाजूने ३५ ते ४० मिनिटं, ट्रेलर जोडलेल्या स्पीडने. त्याच्यापुढे नाही. शनिवार-रविवारी उजेड असेपर्यंत परत येणार असाल तर तास-दीड तास पण चालेल. आता हे कुठून आलं ते बघा कारण तुमचा आकडा थोडा इकडेतिकडे होऊ शकतो.

समजा साडेपाचला यार्डवर पोचलात. अंगावरची रग, म्हणजे घोड्याची झूल, काढणं, खरारा, पायांना ट्रॅव्हल बूट, ट्रेलर जोडणं, दिवे चेक करणं, घोडा चढवणं, यात ४५ मिनिटं कशी जातात कळत नाही. सव्वासहाला निघालात, ४० मिनिटांनी सहा पंचावन्नला पोचलात. उतरवून खोगीर चढवून तंग कसेपर्यंत सव्वासात. १५ मिनिटं वॉर्म-अप आणि ४५ मिनिटांचा लेसन धरला की सव्वाआठ. मग घोड्याचं अंग थंड करणं, पुसणं, पाणी दाखवणं, परत चढवणं याला अर्धा तास, परत ४० मिनिटं रस्ता, नऊ पंचवीस. यार्डवर उतरवणं, अंग तपासणं, रग बदलणं, गवताची जाळी भरणं, ट्रेलरमधली लीद काढणं, झाले दहा. मग घर, अंघोळ, जेवण. म्हणजे साडेचार तास घालवून खोगिरावर मिळाला एक तास. आता हेच अंतर एका बाजूने तासाभराचं करा, दहाचे दहा-चाळीस झाले आणि सकाळी सहाला परत लीद काढायला यार्डवर हजर व्हायचंय. रात थोडी सोंगं फार म्हणतात ते याच्यासाठीच. एखाद्या आठवड्यात निभतं हो, पण दर मंगळवारी हे करायचं म्हटलं तर जानेवारीच्या मध्यापर्यंत तुम्ही किंवा घोडा, दोघांपैकी एकजण नक्की संप करणार.

हा हिशोब स्वतःच्या वेळा टाकून एकदा कागदावर मांडा. ज्यांचं यार्ड घरालगत आहे आणि जे चारलाच मोकळे होतात त्यांना ५० मिनिटं पण परवडतील, ज्यांना लहान मुलं झोपवायची आहेत त्यांना २० मिनिटं पण जास्त होतील.

मॅपवरच्या वेळेवर विसंबू नका. मॅप कारचा वेळ दाखवतं, आणि ट्रेलर मागे असला की कायद्यानेच तुमचा स्पीड कमी होतो. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ५० मैल आणि ड्युअल कॅरेजवे किंवा मोटरवेवर ६०, जिथे नुसत्या कारला ६० आणि ७० असतात. तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर ट्रेलरवाल्याला सगळ्यात उजव्या लेनमध्ये जायलाही बंदी. आणि खेड्यातल्या त्या अरुंद लेन्स, दोन्ही बाजूंना झुडपांची भिंत आणि समोरून ट्रॅक्टर आला की पासिंग प्लेसपर्यंत, म्हणजे बाजूला होण्यापुरत्या रुंद जागेपर्यंत, कोण मागे जाणार याचा तमाशा, तिथे स्पीडबीड विसराच. मी सरसकट मॅपच्या वेळेत तिसरा हिस्सा वाढवून धरते, २७ दाखवलं की ३६. निघायची वेळ नेमकी ऑफिस सुटायच्या ट्रॅफिकची असते ते वेगळंच. त्यामुळे नवीन ठिकाण असेल तर आधी एकदा त्याच वारी त्याच वेळेला नुसती कार घेऊन जाऊन या. वळणं, चढ, कमी उंचीचे पूल, आत शिरल्यावर ट्रेलर वळवायला जागा आहे का, हे अंधारात कसं दिसतं ते कळतं. दुपारी दोनला बघून आलेला रस्ता रात्री ओळखू येत नाही.

आता घोड्याच्या बाजूने. लोकांना वाटतं ट्रेलरमध्ये घोडा नुसता उभा असतो म्हणजे आराम करतोय. एसटीत काही न धरता उभ्याने घाट चढून बघा म्हणजे समजेल. प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक वळणाला तो चारी पायांवर तोल सांभाळत असतो, म्हणजे पोचायच्या आधीच त्याचं थोडं काम झालेलं असतं आणि लेसन झाल्यावर दमलेल्या स्नायूंनी त्याला तेच परत करायचं असतं. ४० मिनिटांच्या सरळ ए-रोडपेक्षा (म्हणजे मोठ्या हमरस्त्यापेक्षा) २५ मिनिटांच्या वळणावळणाच्या रस्त्याने घोडा जास्त थकतो. म्हणून दोन रस्ते असतील तर घोडा आत असताना लांबचा पण सरळ रस्ता घ्या. एकच घोडा नेत असाल तर त्याला ट्रेलरच्या उजव्या बाजूला, ड्रायव्हरच्या मागे उभं करायचं, कारण इकडे गाडी डावीकडून चालते आणि रस्त्याचा उतार कडेकडे असतो, वजन डावीकडे गेलं की ट्रेलर कडेला ओढला जातो.

हिवाळ्यात आणखी एक गोष्ट, चिखलामुळे बरेच घोडे दिवसाचे पंधरा-सतरा तास तबेल्यातच असतात. तिथून थेट ट्रेलर, ट्रेलरमधून थेट अरेना. सांधे आखडलेले असतात. त्यामुळे उन्हाळ्यात पाच मिनिटं चालवून दुडकीवर जात असाल तर हिवाळ्यात निदान दहा-पंधरा मिनिटं नुसतं चालवा, आणि हा वेळ लेसनच्या आधी काढा, कोचला पैसे देऊन त्याच्या डोळ्यादेखत चालत बसण्यात अर्थ नाही. उशिरा पोचलात तर पहिला बळी या वॉर्म-अपचाच जातो. वरातीमागून घोडं नेण्यापेक्षा त्या दिवशी फोन करून लेसन अर्ध्या तासाचा करून घ्या.

उजेड-अंधाराचं पण बघा. घोड्याला कमी उजेडात आपल्यापेक्षा चांगलं दिसतं पण उजेडातून अंधारात किंवा उलटं जाताना त्याच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. काळोखातून एकदम फ्लडलाइटखाली आणला की दोन-तीन मिनिटं उभं राहू द्या, बघू द्या. चार खांबांवर दिवे असतील तर त्याच्या स्वतःच्याच चार सावल्या पडतात आणि कोवळा घोडा त्यांनाच बुजतो. परत चढवताना उलटा प्रकार, ट्रेलरचं तोंड म्हणजे काळं भुयार, त्याने आत का जावं? आतला दिवा लावा, समोरचं दार उघडता येत असेल तर उघडून ठेवा. ज्या घोड्याला चढायचा कंटाळा आहे त्याचं लोडिंग दिवसाउजेडी सुट्टीच्या दिवशी घरच्या यार्डवर पक्कं करून घ्या, नुसतं चढायचं, चार घास खायचे, उतरायचं. कारण रात्री साडेआठला अनोळखी पार्किंगमध्ये घोडा रॅम्पवर अडून बसला तर मग तुमचे ते ४० मिनिटांचे हिशोब सगळे धाब्यावर.

दोघं-तिघं मदतीला असले की क्रम विसरला जातो म्हणून लिहिते. चढवताना आधी मागचा बार, म्हणजे घोड्याच्या मागे लागणारा आडवा दांडा, लावायचा मग डोकं बांधायचं. उतरवताना आधी डोकं सोडायचं मग मागचा बार. बांधलेला घोडा मागे यायला लागला आणि बार नसला तर तो घाबरून अशी झटापट करतो की बघवत नाही. आणि दोर थेट लोखंडी कडीला नाही, ताण आल्यावर तुटेल अशा सुतळीच्या वेटोळ्याला बांधायचा.

घोडं अडतं ते परतीच्या प्रवासात. जाताना सगळे फ्रेश असतात. येताना घोडा घामेजलेला, तुम्ही दमलेले, तापमान शून्याकडे चाललेलं आणि रस्त्यावर हरणं. हो हरणं, शरदातल्या आणि हिवाळ्याच्या सुरुवातीच्या तिन्हीसांजेला ती सर्रास रस्ता ओलांडतात, आणि एक गेलं की मागून दुसरं असतंच. ट्रेलर मागे असताना करकचून ब्रेक मारणं म्हणजे आतल्या घोड्याला पुढच्या बारवर आपटवणं. त्यामुळे जंगलातून जाणारा शॉर्टकट रात्री नको.

बर्फाचं गणित असं की मोठ्या रस्त्यांवर मीठ टाकायला गाड्या फिरतात पण यार्ड आणि अरेना दोन्ही असतात खेड्यातल्या गल्लीबोळांत, तिथे कोणी मीठ टाकत नाही. तुमच्या ४० मिनिटांतली शेवटची पाच-सात मिनिटं अशीच असतात, आणि नेमकी तिथे उतार असतो. म्हणून दुपारी हवामान बघताना निघायच्या वेळचं तापमान बघू नका, रात्री साडेनऊचं बघा. हवेत ३ अंशांच्या खाली जाणार असेल आणि रस्ता ओला असेल तर मी जात नाही. मोकळं आकाश असलेली शांत रात्र जास्त घात करते, ढग असले की एवढं गोठत नाही. हा नियम आधीच ठरवून कोचला सांगून ठेवा आणि त्यांचा कॅन्सलेशनचा नियम विचारून ठेवा, नाहीतर मग पैसे बुडतील म्हणून मन वळवत निघतो आपण.

घामाचं नीट समजून घ्या कारण अंतराचा संबंध याच्याशी सगळ्यात जास्त आहे. ज्या घोड्याचे हिवाळी केस कापलेले नाहीत तो लेसननंतर तासभर ओला राहू शकतो. ओला घोडा, बंद ट्रेलर, मग वाफ, मग गारठा. हिवाळाभर संध्याकाळी काम करायचं असेल तर निदान मान, छाती आणि पोटाखालचे केस कापून घ्या. लेसन झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालवा, श्वास नेहमीसारखा होऊ द्या, मग ओल शोषून बाहेर टाकणारी पातळ रग घाला. जाड झूल घालून प्रवास करायचा मोह आवरा, ट्रेलर आतून घोड्याच्या अंगच्या गरमीनेच बऱ्यापैकी उबदार होतो आणि जाड रगेत घाम परत सुटतो. वरच्या खिडक्या, व्हेंट उघडेच ठेवा, हवा खेळायला पाहिजे, घोड्याला थंडीपेक्षा कोंदट हवा जास्त बाधते. यार्डवर पोचल्यावर कानामागे, पुढच्या पायांच्या मध्ये आणि खोगिराच्या जागी हात घालून बघा, तिथे ओल असेल तर रात्रीची रग चढवायची नाही, आधी दुसरी कोरडी पातळ रग. या थांबण्यात पण २० मिनिटं जातात. प्रवास २० मिनिटांचा असेल तर हा वेळ यार्डवर काढावा लागतो, ४० मिनिटांचा असेल तर घोडा ट्रेलरमध्येच बऱ्यापैकी वाळतो, त्यामुळे फार जवळ म्हणजे फार फायदा असंही काही नाही.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, कामाच्या निदान तासभर आधी संपलेला हवा आणि परतल्यावर पण अंग थंड झाल्यावरच. ट्रेलरमध्ये गवताची जाळी दोन्ही वेळा चालेल. पाणी मात्र घरून न्या. ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण २५ लिटर किंवा जास्तच लागतं आणि थंडीत तो बर्फगार पाणी प्यायला कंटाळतो, मग पोटात चारा अडकून शूळ उठायची भीती. कोमट पाणी कॅनमध्ये घेऊन गेलात तर परतायच्या आधी पिऊन टाकतो. स्वतःची बादली नेण्याचं दुसरं कारण म्हणजे साथीचे रोग, दुसऱ्यांच्या बादलीत तोंड घालू द्यायचं नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत घोड्यांच्या फ्लूमुळे ब्रिटनमधल्या रेसेस सहा दिवस बंद ठेवल्या होत्या, तेव्हापासून बरीच अरेना लसीची नोंद बघितल्याशिवाय आत घेत नाहीत. घोड्याचा पासपोर्ट तसाही प्रवासात बरोबर असावाच लागतो, तो आणि लसीच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

गाडीबद्दल. १९९७ नंतर कारचं लायसन्स काढलेल्यांना पूर्वी जड ट्रेलरसाठी वेगळी टेस्ट द्यावी लागायची, ग्रेट ब्रिटनमध्ये १६ डिसेंबर २०२१ पासून ती गेली आणि आता ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. पण लायसन्स आहे म्हणजे तुमची कार तेवढं ओढू शकते असं नाही, कारची मर्यादा तिच्या प्लेटवर बघा. आणि टेस्ट नाही म्हणून शिकायचं नाही असं करू नका, एखाद्या मोकळ्या मैदानात रिकामा ट्रेलर मागे घ्यायची प्रॅक्टिस करा. छोटी ३.५ टनांची हॉर्स-लॉरी कारच्या लायसन्सवर चालते, मात्र त्यात दोन मोठे घोडे, खोगिरं, पाणी, माणसं घातली की वजन कधी ओलांडतं कळत नाही. एकदा भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन बघाच. ट्रेलरची लाकडी फळी असेल तर रबरी मॅट उचलून दरवर्षी खालून वरून तपासा, मुताने ती सडते आणि वरून पत्ता लागत नाही.

बंद पडलात तर? साध्या ब्रेकडाऊन कव्हरमध्ये बऱ्याचदा फक्त कार उचलतात, घोड्याचं काय करायचं ते तुम्ही बघा. घोड्यासकट नेणारं वेगळं कव्हर मिळतं, ते घ्या. मोटरवेच्या कडेला घोडा कधीही खाली उतरवायचा नाही, आत राहू द्या आणि मदत बोलवा. गाडीत कपाळावर बांधायचा टॉर्च, चमकणारी जॅकेटं, जास्तीची रग, सुतळी कापायला सुरी, ट्रेलरचं स्पेअर चाक आणि ते बदलायचं सामान, भरलेला फोन. इथे अंतराशी संबंध असा की ४० मिनिटांच्या आत असाल तर यार्डवरची एखादी मैत्रीण दुसरा ट्रेलर घेऊन येऊ शकते. दीड तासावर रात्री नऊला कोण येणार?

आपल्याकडे सारंगखेड्याच्या यात्रेला लोक लांबलांबून टेम्पोत घोडे घालून आणतात त्यामुळे तासाभराचं काय एवढं असं घरच्यांना वाटतं, पण तिथे घोडा पोचल्यावर मुक्काम करतो, त्याच रात्री काम करून परत निघत नाही.

आता ज्यांना ४० मिनिटांत चांगलं काहीच सापडत नाही त्यांच्यासाठी. पहिला पर्याय, आठवड्याला जाण्याऐवजी पंधरवड्यातून एकदा रविवारी सकाळी लांब जा आणि मधल्या काळात कोचने दिलेला गृहपाठ करा. जमिनीवर बांबू टाकून त्यावरून चालवणं, दोरीवर गोल फिरवणं, हे घरी टॉर्चच्या उजेडात नाही पण शनिवारी सकाळी होतं. दुसरा, कोचलाच बोलवा. यार्डवरच्या तिघी-चौघी मिळून जवळचं फ्लडलाइटवालं अरेना दोन तास भाड्याने घ्या आणि कोचचा प्रवासखर्च वाटून घ्या, चार घोडे ४० मैल नेण्यापेक्षा एक माणूस ४० मैल आलेला बरा. तिसरा, मैत्रिणीबरोबर एका ट्रेलरमध्ये दोन घोडे न्या, घोड्यालाही सोबत होते. फक्त डिझेल वाटून घेणं वेगळं आणि पैसे घेऊन दुसऱ्याचा घोडा नेणं वेगळं, दुसऱ्या प्रकाराला धंदा समजून परवान्याचे नियम लागू शकतात, आणि इन्शुरन्सवाल्यांनाही विचारून ठेवा.

अरेना बुक करताना छप्पर आहे का एवढंच विचारू नका. जमीन गोठते का ते विचारा, मेण लावलेली वाळू साध्या वाळूपेक्षा उशिरा गोठते. दिवे किती वाजता बंद होतात, खूप ठिकाणी शेजाऱ्यांमुळे नऊला बंद करावेच लागतात आणि तुम्ही पार्किंगमध्ये अंधारात घोडा चढवत बसता. पार्किंगला दिवा आहे का आणि खाली डांबर आहे की चिखल, ट्रेलर रुतला की ट्रॅक्टर शोधावा लागतो.

दुसऱ्या दिवशी घोड्याला हलकंच काम द्या किंवा नुसतं मैदानात सोडा. सकाळी जाळीतलं गवत संपलंय का, पाणी प्यायलाय का, लीद नेहमीसारखी आहे का, नाकातून काही वाहतंय का, खोकतोय का एवढं बघा, पायांवरून हात फिरवा. रात्रीचं गवत तसंच उरलं असेल तर त्या घोड्यासाठी कालचं अंतर जास्त झालं असं धरा आणि पुढच्या वेळी दहा मिनिटं जवळचं अरेना बघा.